डावीकडची जागा

दयाराम गाडीखाली उताणा पडला होता आणि गिअरबॉक्स छातीच्या वर वीतभर, त्याच्या दोन्ही तळहातांवर तोललेला होता. मागच्या आसाला लागून नव्याने बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांना तो नेमका भिडला होता. आता चार बोल्ट घालून आवळायचे एवढंच उरलं होतं. वाडीवरचा म्हातारा गडी सदू बोल्ट घेऊन वाकलाही. तेवढ्यात दादा म्हणाले,

"थांब सदू. दयाराम, असाच धर."

दादांना वहीत आकृती काढायची होती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिला टोक नव्हतं म्हणून सदूला घरातून चाकू आणायला पाठवलं, पेन्सिल तासली आणि मग सावकाश रेघा ओढायला बसले. गाडीखालून दयारामचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. ते आधी स्थिर होते, मग थरथरायला लागले. दादांनी ते पाहिलं. पाहिलं हे नक्की, कारण धक्का लागू नये म्हणून त्यांनी आपला पांढरा बूट थोडा मागे घेतला. आकृती पुरी झाली, खाली तारीख घालून झाली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "हं, घाला बोल्ट."

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. किहीमला दादांची नारळी-पोफळीची वाडी होती, वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, वाढवलेली. दादांनी तीत कधी एक झाड लावलं नाही, पण ती पुरेशी मोठी होती, त्यामुळे बिघडलं काही नाही. तात्यांनी त्यांना इंजिनियर व्हायला विलायतेला पाठवलं होतं. तीन वर्षांनी ते परत आले. पदवी तिकडेच राहिली, एक गाडी मात्र बरोबर आली. दोन माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची, शर्यतीची गाडी. धरमतरच्या खाडीवरून ती तरीत घालून आणली तेव्हा बघायला गाव लोटलं होतं.

गाडी देखणी होती, पण तिचं नाक जड. इंजिन पुढे, त्याला चिकटून गिअरबॉक्सही पुढे. सरळ रस्त्यावर ती कोणाला ऐकायची नाही, आणि वळण आलं की दादांनाही ऐकायची नाही. चाकं वळवली तरी आपली सरळच निघायची. मुंबईत विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर वर्षातून एकदा शर्यती होत. तिथे आदल्या साली दादा तिसऱ्याच वळणावर पिंपांच्या रांगेत घुसले होते आणि क्लबातले मित्र महिनाभर हसत होते. मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी वाचलं की गिअरबॉक्स उचलून मागच्या चाकांपाशी नेला तर वजन दोन्हीकडे सारखं होतं. वाचायला काय लागतं? मुंबईच्या दोन कारखान्यांनी हात जोडले. तिसऱ्याने सांगितलं, आमच्याकडे दयाराम म्हणून एक फिटर होता, तोच हे करील, तुमच्याच बाजूचा आहे, झिराडचा.

झिराडला दयारामची किंमत तेव्हा कोणी करत नव्हतं. आठ वर्षं परळला मोटारीच्या कारखान्यात काढून तो परत आला होता, कारण कारखान्यात माणसं कमी केली. गावाला कारणं लागत नाहीत. मुंबईला गेला आणि हात हलवत आला, एवढंच गावाने धरून ठेवलं. भातात नांगर धरायला तो उभा राहिला की कोणीतरी म्हणायचं, बघ रे, नांगराला गिअर न्हाय. त्याची आई सोनाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. बायको कमळ मात्र ऐकायची, आणि त्या दिवशी तिच्या हातची भाकर जाड व्हायची.

आणि झोडणीच्या दिवसांत, सगळं गाव खळ्यावर असताना, ती हिरवी गाडी खळ्यापाशी येऊन थांबली. दादा खाली उतरले आणि दयारामचं नाव घेऊन विचारायला लागले. त्याला काम समजावलं, आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाले,

"काम जमलं तर शर्यतीत तू माझ्या शेजारी बसायचंस. ज्याने गाडी केली, तो गाडीत."

हे वाक्य झिराडने पाठ केलं. त्या दिवसापासून गिअरची थट्टा बंद झाली. पुढचे चार महिने दयाराम पहाटे उठून किहीमला चालत जायचा आणि लोक त्याला वाट द्यायचे. मजुरी काय ती ठरली होती, तिच्याबद्दल त्याने दुसऱ्यांदा विचारलंही नाही. त्याला ती डावीकडची जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

काम सोपं नव्हतं. इंजिनापासून मागे लांब दांडा न्यायचा, तो इंजिनाच्याच वेगाने फिरणार, म्हणजे केसभर वाकडा असला तर गाडी हादरून सुटी होणार. गिअरची मूठ माणसाच्या हाताशी आणि गिअर पाठीमागे, मध्ये सळ्यांचं जोडकाम. दयारामने दांडा तीनदा केला आणि तीनदा मोडीत टाकला. चौथा बसला. दादा वहीत आकृत्या काढत होते. काम पुढे जायचं, आकृती मागून यायची आणि वहीवर नाव दादांचं पडायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. दयारामचं वहीकडे लक्षच नव्हतं.

वजनाचं सगळं शहाणपण त्याला बापाकडून मिळालेलं. रावजी गाडीवान होता, रेवसच्या धक्क्यावर नारळ आणि भात पोचवायचा. बैलगाडी पुढे जड झाली तर जू बैलांच्या मानेत रुततं, मागे जड झाली तर गाडी उलाळ होते आणि बैल फासावर लटकल्यासारखे होतात. रावजी माल भरायच्या आधी स्वतः गाडीवर आपल्या जागी चढून बसायचा आणि मग भरणाऱ्यांना सांगायचा, हे पुढं सरकव, ते मागं घे. आधी गाडीवान, मग माल. भरल्यावर गाडीवान चढला तर सगळा तोल पुन्हा बिघडतो. या बाजूच्या सगळ्या गाडीवानांची रीत तीच.

म्हणून वखारीतला खोबऱ्याचा वजनकाटा आणून एकेक चाक त्यावर चढवलं, तेव्हा दयारामने दादांना उजवीकडे बसवलं आणि स्वतः डावीकडे बसला. सदूने काटा वाचायचा, दयारामने बसल्या जागेवरून सांगायचं. बॅटरी इकडे, पेट्रोलची टाकी बोटभर तिकडे. दोन दिवस हेच चाललं. शेवटी चारी चाकांचे आकडे असे जुळले की सदूने दोनदा वाचून खात्री केली. आपण का बसलो हे दयारामने कोणाला सांगितलं नाही. जो गाडीत असणार तो वजनात धरायचा, यात सांगायचं काय?

फाल्गुनात ओहोटीच्या वेळी गाडी किहीमच्या पुळणीवर काढली. वाळू ओली, टणक. मुंबईहून दादांचे चार मित्र आले होते, ते सुरूंच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले. गाडी सुटली ती दयारामला जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकी हलकी वाटली. नाक वळवलं की वळत होतं. मात्र आता तिचा स्वभाव बदलला होता. वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू पुढे यायला बघायची. दयारामला हे पहिल्या फेरीतच कळलं आणि तो म्हणाला, "वळनात पाय काढू नका, दादा."

दादांनी पाय काढला. गाडी स्वतःभोवती गरकन फिरली आणि मागची चाकं लाटेत जाऊन थांबली. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला वळण यायच्या आत दयाराम इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडला, "आता काढू नका, धरा, धरा, आता सोडा." दादांनी धरलं, आणि गाडी रेघ आखल्यासारखी वळली. दहा फेऱ्या झाल्या. दहाही वेळा दयाराम ओरडला आणि दहाही वेळा गाडी नीट वळली. खाली उतरल्यावर तो आनंदाने हसत होता, बिचाऱ्याला वाटलं सगळेच हसताहेत ते त्याच आनंदाने.

हसत होते ते मित्र. त्यांतला एक म्हणाला की गाडी छान आहे, पण चालवतो कोण ते लांबून नीट कळलं नाही. दादाही हसले. मग त्यांनी हातमोजे काढले आणि एकेक बोट सरळ करून खिशात ठेवले.

त्या संध्याकाळी ते एकटेच गाडी घेऊन पुळणीवर गेले आणि लवकर परत आले. डावी बाजू उचलते म्हणाले. दयारामने सांगितलं, उचलणारच, माझं वजन धरलंय ना त्यात. आधी गाडीवान, मग माल. दादांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ठीक आहे एवढंच म्हणाले.

शुक्रवारी निघायचं होतं. झिराडने दयारामला वेशीपर्यंत येऊन निरोप दिला. कमळने सदरा धुऊन तांब्यात निखारे घालून त्याच्यावर फिरवला होता. भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. सोनाबाईने देवापुढचा अंगारा लावला. तुकाराम गुरुजी शाळा सोडून आले होते, त्यांनी सांगितलं की शर्यत रविवारी, सोमवारचं वर्तमानपत्र अलिबागहून मुद्दाम मागवतो.

किहीमला पोचला तेव्हा गाडी पुसून तयार होती आणि वजनकाटा अंगणात होता.

"उभा राहा त्यावर," दादा म्हणाले.

शेवटचा तोल बघायचा असेल, असं समजून दयारामने वहाणा काढल्या, फडकं बाजूला ठेवलं आणि तो काट्यावर ताठ उभा राहिला. एकशे अठरा पौंड. दादांनी आकडा वहीत लिहिला आणि सदूला खूण केली. सदू पुळणीवरून वाळू भरून आणलेलं पोतं ओढत आला. म्हाताऱ्याने मान खाली घातलेली होती. पोतं काट्यावर चढलं. जास्त होतं, ओंजळीने वाळू काढली. कमी झालं, मूठभर घातली. एकशे अठराला काटा स्थिरावला.

दयाराम अजून काट्याकडेच बघत होता. मग त्याला समजलं.

"दादा, मी?"

"तुझं वजन येतंय की." दादा डावीकडच्या जागेचे पट्टे सोडत म्हणाले. "शिवाय पोतं मध्येच बोलत नाही."

"गावात सांगून आलोय, दादा."

"मग सांग की गेलो नाही म्हणून. त्यात काय?"

सदूने दाभण आणि सुतळी घेतली, पण त्याला दाभण नीट धरवेना आणि टाका सैल पडत होता. पहिल्याच वळणावर वाळू सांडली असती, वजन बिघडलं असतं, चार महिन्यांचं काम फुकट गेलं असतं. दयारामने ते पाहिलं. मग त्याने सदूच्या हातातून दाभण घेतलं आणि पोत्याचं तोंड स्वतः शिवलं, जवळ जवळ टाके घालून, घट्ट. डावीकडच्या जागेवर ते उभं केलं. दोन पट्ट्यांनी आवळलं, हलवून पाहिलं, एक पट्टा आणखी एका भोकाने ओढला. कारागिराचा हात मेला असाच, माणसाला शरम वाटते तरी हाताला वाटत नाही. दादांनी गाडी सुरू केली. आवाज एकदम स्वच्छ होता. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. पण इथे वैद्याकडूनच तिरडी बांधून घेतली.

झिराडला जायला रस्ता एकच आणि त्या रस्त्यावर सगळं गाव. दयाराम कनकेश्वराचा डोंगर चढून गेला. देवळाच्या धर्मशाळेत तो तीन दिवस राहिला. भाकरी पहिल्या दिवशी संपली, मग पुजाऱ्याने दिलं ते खाल्लं. कोण, कुठला असं पुजाऱ्याने विचारलं तेव्हा त्याने नाव दुसरंच सांगितलं. डोंगरावरून समुद्र दिसत होता आणि हवा निवळली की पलीकडे मुंबईची रेघ. तिकडे बघायचं नाही असं ठरवून तो दिवसभर तिकडेच बघत बसायचा. गावात काय सांगायचं याचं वाक्य त्याने जुळवलं होतं. न्हाय नेलं मला. तीन शब्द होते, पण मोठ्याने म्हणायची वेळ आली की तो उठून पाणी प्यायला जायचा.

सोमवारी दुपारी तो खाली उतरला. वेशीवर कोणी बघायच्या आत घरात शिरावं असा त्याचा विचार होता. पण वेशीवरच माणसं जमलेली होती आणि त्याला बघताच ती पुढे धावली. कोणीतरी त्याला खांद्यावर घ्यायला बघत होतं. तुकाराम गुरुजींच्या हातात वर्तमानपत्र होतं.

दादा पहिले आले होते. आतल्या पानावर फोटो होता, हिरवी गाडी छापात काळी दिसत होती. दादांनी एक हात वर केला होता. शेजारी डावीकडे टोपी घातलेलं, काळा चष्मा लावलेलं, गळ्याशी रुमाल बांधलेलं कोणीतरी ताठ बसलं होतं. मुंबईच्या मित्रांनी पोत्याला गंमत म्हणून सजवलं होतं. बातमीदाराला घाई असावी, किंवा त्यालाही गंमत वाटली असावी. फोटोखाली छापलं होतं: विजेते आपल्या मेकॅनिकसह. गुरुजींनी ते दयारामला वाचून दाखवलं, मग सगळ्यांसाठी पुन्हा वाचलं.

दयारामचं वाक्य तयार होतं. त्याने तोंडही उघडलं.

"वळनाचं सांग," कोणीतरी म्हणालं. "भ्या न्हाय वाटलं?"

आणि त्याने वळणाचं सांगितलं. पाय कधी काढायचा नाही, मागची बाजू कशी यायला बघते, धरून ठेवलं तर गाडी कशी रेघेवर राहते. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पूर्वी गिअरची थट्टा करणारा माणूस तोंड उघडं टाकून ऐकत होता. दयारामला आपला आवाज आवडायला लागला आणि त्याच वेळी तो गुरुजींच्या हातातल्या फोटोकडे बघायचं टाळायला लागला.

तेवढ्यात अलिबागच्या बाजूने तो आवाज आला. मुलं ओरडली, माणसं रस्त्यावर आली, आणि दादांना गाडी थांबवावीच लागली. गळ्यात सुकलेला हार तसाच होता. डावीकडची जागा रिकामी होती. लोकांनी दादांना नमस्कार केले, दयारामला ढकलत पुढे आणलं आणि गुरुजींनी फोटो त्यांच्यासमोर धरला. आमच्या गावचा माणूस आपण एवढा पुढे आणलात, असं काहीतरी ते म्हणाले.

दादांनी फोटो पाहिला. खालची ओळ वाचली. मग दयारामकडे पाहिलं, आणि गावाकडे, आणि सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. दयारामचा जीव त्या क्षणी त्यांच्या मुठीत होता. एक शब्द आणि संपलं असतं.

"हा होता म्हणून जिंकलो," दादा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, खळ्यावर बोलले होते तसंच. "काय बसला होता! हललासुद्धा नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडातून एक शब्द नाही. असा माणूस मिळत नाही. पुढच्या वर्षीही यालाच बसवणार."

लोकांनी दयारामच्या पाठीवर थापा मारल्या. तो हात जोडून उभा होता.

"येशील ना रे?" दादांनी विचारलं.

"व्हय, दादा."

गाडी निघून गेली. धूळ बसल्यावर गुरुजींनी फोटोचं पान फाडून कमळला दिलं, देवापाशी लाव म्हणाले. कमळने ते दोन्ही हातांत धरलं. इतका वेळ बायकांच्या मागे उभी राहून तिने ते लांबून पाहिलं होतं, आता पहिल्यांदा जवळून पाहत होती. आधी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. टोपीच्या खालून, दोन्ही बाजूंना, सुतळीने बांधलेले दोन कान बाहेर आले होते. भरलेलं पोतं उचलायला धरतात ते कान. लग्न होऊन आल्यापासून दर झोडणीला तिने तसली पोती शिवली होती, आणि दयारामला शिवताना पाहिलं होतं.

तिने मान वर करून दयारामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"मना दाव गो," सोनाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्याचाही भरवसा नव्हता. "कुठला तो? कुठला माजा दया?"

कमळने पान तिच्यापुढे धरलं.

"ह्यो, आत्या," ती सासूला म्हणाली आणि तिने फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो बघा. ह्येच."

म्हातारीने पान नाकापर्यंत आणलं. कमळच्या बोटाखाली टोपी, चष्मा, रुमाल सगळं झाकलं गेलं होतं. बोट जरा काढ, त्यांना दिसू दे, असं गुरुजी दोनदा म्हणाले. कमळने बोट काढलं नाही.